एका अक्षराची एक फाइल

बेंगळुरूतल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दिवसभर दोन लिप्या असतात. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड, फोनवर घरच्यांच्या निरोपात देवनागरी. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘बलू’ हा फॉन्ट या दोन्ही लिप्यांत घडवला. कन्नड भावंडाचं नाव ‘बलू तम्मा’. कन्नडमध्ये तम्म म्हणजे धाकटा भाऊ.

फॉन्ट करणाऱ्यांची एक अडचण या शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेलं गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन मजकुराच्या ओळी ताडून पाहतं आणि काय गेलं, काय आलं ते दाखवतं. तयार फॉन्टची टीटीएफ फाइल मात्र बायनरी. ‘क’चा दांडा किंचित सरकवला, तरी गिट इतकंच सांगतं की दोन फाइली वेगळ्या आहेत. दोघांनी एकाच वेळी तिला हात लावला असेल, तर एकाचं काम ठेवून दुसऱ्याचं टाकावं लागतं. कुणाची आठवड्याची मेहनत अशी जाणं फार वाईट.

टाल लेमिंग, युस्ट फान रोसुम आणि एरिक फान ब्लॉकलांट यांनी आखलेल्या यूएफओ या रचनेत फॉन्ट म्हणजे अख्खं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक अक्षराची वेगळी मजकूर-फाइल. ‘क’चा एक बिंदू २४० वरून २५० वर नेला, की गिटमध्ये नेमकी ती ओळ बदललेली दिसते. एकाने ‘क’ सुधारावा, दुसऱ्याने ‘ळ’. दोघांचं काम सुखाने एकत्र येतं. रोमन मोठ्या ‘ए’च्या फाइलीला नावात अंडरस्कोर जोडतात. मॅक आणि विंडोज फाइलींच्या नावांत सहसा मोठ्या-लहान अक्षरांचा भेद करत नाहीत. अंडरस्कोर नसता तर लहान ‘ए’ने मोठ्याला पुसून टाकलं असतं. किती बारीक विचार!

यूएफओसारखं फोल्डरलाच फाइलचं रूप देण्याची रीत ॲपलच्या मॅकवर जुनी आहे. गिटआधीच्या सबव्हर्जन या तशाच साधनाच्या काळात तिने बराच त्रास दिला. सबव्हर्जन आपली नोंद प्रत्येक फोल्डरात लपवून ठेवायचं. मॅकवरचे काही प्रोग्रॅम ‘सेव्ह’ करताना सगळं फोल्डर नव्याने लिहायचे आणि ती नोंदच नाहीशी व्हायची. २०११ च्या १.७ आवृत्तीने सगळी नोंद सर्वांत वरच्या एकाच फोल्डरात आणली, तेव्हा हे थांबलं.

फोटो, व्हिडिओ मात्र बायनरीच राहणार. अशी फाइल पुढे काढून टाकली, तरी गिटच्या इतिहासात ती जागा अडवून बसते. गिटहब १०० एमबीहून मोठी फाइल घेतच नाही. २०१५ साली आलेलं गिट एलएफएस मोठी फाइल वेगळी ठेवतं आणि रिपॉझिटरीत तिची छोटी चिठ्ठी: फाइलची खूण आणि आकार.

रेड हॅटच्या ‘लोहित’ फॉन्टचे मूळ आराखडे मजकुराच्या रूपात खुले आहेत. तुमच्या संस्थेने कधी मराठी फॉन्ट करवून घेतला असेल, तर नुसती टीटीएफ जपून थांबू नका. कारागिराकडून मूळ आराखडा मागून घ्या आणि आजच गिटमध्ये कमिट करा.