आकड्यांची साक्ष आणि लोकांचा भरंवसा

हातच्या कांकणाला आरसा नको, असें आपण म्हणतों. घरांत तांदूळ किती उरले, हें डब्याचें झांकण काढून पाहतां येतें. परंतु सबंध देशांत किती माणसें बेकार आहेत, वर्षभरांत भाव शेंकडा किती चढले, गुन्हे वाढले कीं घटले, हें कोणा एका माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीं. तेथें सरकारनें प्रसिद्ध केलेल्या आकड्यांचाच आरसा हातीं घ्यावा लागतो. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाचा महागाईभत्ता असल्याच एका आकड्यावर ठरतो. तो आकडा चुकला, तर ती चूक कागदावर राहत नाहीं. ती वाण्याच्या दुकानापर्यंत येऊन पोहोंचते.

अडचण अशी कीं, हा आरसा ज्याच्या हातीं असतो, त्याचेंच तोंड त्यांत पाहावयाचें असतें. बेकारी वाढली तर दोष मंत्रिमंडळाचा. घटली तर श्रेय त्याचें. मग बेकारी मोजणारे त्याच मंत्रिमंडळाच्या हाताखालीं असतील, तर ते कितीहि प्रामाणिक असोत, लोकांच्या मनांत किंतु राहतोच. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका ज्या त्या शाळेच्या शिक्षकांकडे तपासावयास देत नाहींत. शिक्षक लबाड असतात म्हणून नव्हे. तर निकालावर पालकाचा आणि तिऱ्हाइताचा सारखाच विश्वास बसावा म्हणून. हीच युक्ति सरकारी आकड्यांना लावतां येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्यासाठीं ब्रिटनचें उदाहरण मी घेतों.

सन १९८० नंतरच्या दशकांत त्या देशांत बेकारांची संख्या भत्ता घेणाऱ्यांच्या गणतीवरून ठरत असे. भत्त्याचे आणि गणतीचे नियम वारंवार बदलले, आणि त्यांपैकीं बहुतेक बदलांनीं संख्या कमीच दिसूं लागली. प्रत्येक बदलाला स्वतंत्र कारण असेलहि. परंतु सामान्य माणसानें त्यांतून एकच धडा घेतला. तो असा कीं, आकडा सोयीचा नसला म्हणजे मापच बदलतात. असा संशय एकदां रुजला, म्हणजे पुढें खरा आकडासुद्धां खोटाच वाटूं लागतो.

हा संशय घालविण्यासाठीं तेथील पार्लमेंटनें सन २००७ मध्यें एक कायदा केला. त्या अन्वयें १ एप्रिल २००८ पासून एक सांख्यिकी प्राधिकरण कामाला लागलें. तें कोणत्याहि मंत्र्याला जबाबदार नाहीं. तें पार्लमेंटला जबाबदार आहे. आकडे कसे गोळा करावे, कसे तपासावे, केव्हां आणि कोणत्या पद्धतीनें प्रसिद्ध करावे, याची एक आचारसंहिता त्यानें घालून दिली. त्या कसोटीस उतरलेल्या आकड्यांनाच मान्यतेची मुद्रा मिळूं लागली. ही मुद्रा देण्याचा अधिकार आणि काढून घेण्याचा अधिकार एकाच हातीं आहे, हें ध्यानांत ठेवावें.

कायदा कागदावर सुंदर दिसतो. त्याची परीक्षा पहिल्या प्रसंगीं होते. हा प्रसंग लवकरच आला. डिसेंबर २००८ मध्यें सरकारनें चाकूहल्ल्यांसंबंधींचे कांहीं आकडे ठरलेल्या वेळेपूर्वींच वृत्तपत्रांना देऊन टाकले. ते सरकारला अनुकूल होते, आणि त्यांची तपासणी अद्याप पुरी व्हावयाची होती. प्राधिकरणाचे अध्यक्ष सर मायकेल स्कॉलर यांनीं थेट पंतप्रधानांच्या कचेरीला पत्र लिहिलें, आणि हें वर्तन अकालीं, नियमबाह्य आणि निवडक आहे, असा ठपका ठेवला. तें पत्र उघड झालें. गृहमंत्रीणबाईंना घाई झाल्याचें पार्लमेंटांत मान्य करावें लागलें.

श्रोतेहो, अशा मंत्र्याला दंड करण्याची सत्ता या मंडळाला नाहीं. त्याचें शस्त्र एकच, आणि तें म्हणजे उघडें पत्र. सप्टेंबर २०१७ मध्यें परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनीं युरोपीय संघ सोडल्यावर आठवड्याला ३५ कोटी पौंड आपल्या हातीं येतील, असें पुन्हां लिहिलें. ब्रिटनला मिळणारी सूट त्या रकमेंतून वजाच केली नव्हती. तेव्हांचे अध्यक्ष सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनीं हा आकड्याचा उघड गैरवापर असल्याचें त्यांना लेखी कळविलें. मंत्र्यांना तें पटलें नाहीं. त्यांनीं उलट तक्रार केली. म्हणजे, ठपक्यानें माणूस सुधारतोच असें नाहीं. परंतु कोणत्या आकड्यावर विसंबावें हें जाणूं इच्छिणाऱ्या नागरिकाला त्या दिवशीं एक निःपक्षपाती साक्षीदार मिळाला. हें थोडें नव्हे.

मंत्र्यांना आकडे आधीं दाखविण्याचीहि जुनी चाल होती. सन २००८ मध्यें त्यासाठीं २४ तासांची मर्यादा घातली गेली; जुलै २०१७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कचेरीनें आपल्या आकड्यांपुरती ही चालच बंद केली. आकडा सर्वांना एकाच क्षणीं कळूं लागला, म्हणजे त्याला कोणी रंग चढविला असेल ही शंका निम्मी नाहींशी होते.

परंतु या व्यवस्थेची खरी किंमत दुसऱ्याच ठिकाणीं दिसते. जानेवारी २०१४ मध्यें इंग्लंड व वेल्समधील पोलिसांच्या गुन्हेनोंदींची मान्यतेची मुद्रा काढून घेण्यांत आली, कारण नोंदीच विश्वसनीय राहिल्या नव्हत्या. त्याच वर्षीं पोलिस-निरीक्षकांच्या तपासणींत असें आढळलें कीं, पोलिसांना कळविलेल्या गुन्ह्यांपैकीं शेंकडा १९ नोंदलेच जात नव्हते. जो माणूस तक्रार घेऊन गेला आणि ज्याची नोंदच झाली नाहीं, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

पुढें पाळी स्वतः सांख्यिकी कचेरीवर आली. बेकारीचें मोजमाप ज्या घरोघरच्या पाहणीवरून होतें, तींत उत्तर देणाऱ्या कुटुंबांचें प्रमाण फार खालावलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध करणें थांबवावें लागलें. आणि पुढें ते दिले, तेव्हां सुधारणा चालू असल्याची खूण त्यांवर ठेवली गेली. कोणी म्हणेल, ही तर नामुष्की झाली. नामुष्की खरीच. नियामक मंडळ असल्यानें पाहणी चांगली होते असें नाहीं; त्यासाठीं पैसा, माणसें आणि लोकांचें सहकार्य लागतें. शिवाय मोजणारी कचेरी आणि तपासणारी शाखा एकाच प्राधिकरणाच्या छपराखालीं आहेत, हा आक्षेपहि तेथें घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. तथापि, दोष झांकून ठेवण्यापेक्षां 'येथें आमचें माप ढिलें आहे' असें सांगणाऱ्या कचेरीचें उद्यांचें बोलणें अधिक ऐकलें जातें.

आपल्या देशांत या दिशेनें पाऊल पडलें नाहीं असें नाहीं. डॉ. रंगराजन यांच्या आयोगानें सन २००१ मध्यें कायद्यानें स्थापलेल्या स्थायी मंडळाची शिफारस केली होती. सन २००६ मध्यें राष्ट्रीय सांख्यिकी आयोग घडला. पण तो कायद्यानें नव्हे, सरकारी ठरावानें. जानेवारी २०१९ मध्यें बेकारीविषयींचा पाहणी-अहवाल आयोगानें संमत करूनहि प्रसिद्ध होत नाहीं, या कारणावरून दोन सभासदांनीं राजीनामे दिले. शेंकडा ६.१ बेकारी सांगणारा तो अहवाल त्याच वर्षींच्या मे महिन्यांत, निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर, बाहेर आला. अहवालांतील आकडे अचूकहि असतील. परंतु ठरल्या तारखेला न निघालेल्या आकड्यामागें तर्ककुतर्क लागतातच. ते थांबविण्याचें बळ केवळ ठरावानें घडलेल्या आयोगांत नव्हतें.

म्हणून वर्तमानपत्रांत एखादा आकडा वाचाल, तेव्हां तो आपल्याला आवडतो कीं नाहीं हें आधीं पाहूं नये. तो कोणीं मोजला, प्रसिद्धीची तारीख कोणीं ठरविली, आणि तो चुकला असतां उघडपणें तसें म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तीन प्रश्न विचारावे. तिसऱ्या प्रश्नाला जेथें उत्तर नाहीं, तेथें पहिल्या दोहोंचीं उत्तरें कितीहि गोड असलीं तरी लोकांचा भरंवसा बसणें कठीण आहे.