काट्यावर न दिसणारं अंग

(परभणी येथे महिला कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणातून)



मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केलं. रुग्ण होती रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची मुलगी. मज्जा दिली तिच्या भावानं. हे मुद्दाम सांगते, कारण आज आपल्याकडे प्रत्यारोपण होणाऱ्यांत पुरुष आणि मुलगेच जास्त. मज्जा द्यायला बहीण चालते. तिच्यावर खर्च करायची वेळ आली की घर विचारात पडतं.

या उपचारात आधी जबर औषधांनी जुनी मज्जा मारतात, मग दात्याच्या मूळपेशी शिरेतून सोडतात. त्या रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तोंड सोलवटतं, घास उतरत नाही, जुलाब होतात. शरीर स्वतःचे स्नायू जाळून तगतं. ज्याच्या अंगात मुळातच मांस कमी, त्याचा रुग्णालयातला मुक्काम लांबण्याचा आणि दगावण्याचाही धोका जास्त, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आणि हे वजनकाटा सांगत नाही. पुढे दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटल्या तर स्टेरॉइड द्यावी लागतात. त्यांनी चेहरा भरतो, पोट सुटतं, मांड्या मात्र वाळतात. शेजारीण म्हणते, "तब्येत सुधारली की!" आणि इकडे बाईला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठवत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुरुष २२ टक्के. जिंतूर-गंगाखेडची जी बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते, ती आजारी पडण्याआधीच शिल्लक संपवून बसलेली असते.

म्हणून पहिल्याच भेटीत आहारतज्ज्ञ मागा. हाताच्या पकडीची ताकद मोजायला सांगा. पूर्ण उकडलेलं अंडं, घट्ट वरण, त्यात कुस्करलेली गरम भाकरी, आणि डॉक्टर परवानगी देतील तेवढं रोज चालणं.

आपल्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ही लोह-जस्ताची ज्वारी २०१८ मध्ये आली. मुलींच्या ताटात ती हवीच. पण वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह साठलेलं असू शकतं. तिला आपण होऊन लोहाच्या गोळ्या देऊ नका.

आणि मुंबईला सोबत गेलेली आई तिथं वडापाववर दिवस काढते. गावाकडून फोन कराल तेव्हा ती काय जेवली, तेही विचारा.