यंत्र कोणाच्या मालकीचे?
(दुर्गाघाट, वाराणसी येथील भाषण)

कॉम्रेड्स, दुर्गाघाटच्या या जुन्या मराठी वस्तीतही आज घरोघरी मोबाइल आहे. याच काशीत वाढलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. विज्ञानकथा ही निव्वळ करमणूक नव्हे. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ वेठबिगारीत आहे, आणि त्या नाटकातील रोबो अखेर उठाव करतात.

आज समाजमाध्यमांवर जनता फुकट लिहिते, बोलते. तिचे लक्ष जाहिरातदारांना विकून नफा कमावतात मूठभर कंपन्या. ही नवी वेठच होय. तथापि मोबाइल फेकून देणे हा उपाय नव्हे. १९९५ साली देशातील पहिले मोबाइल संभाषण कॉम्रेड ज्योती बसूंनीच केले होते. विरोध यंत्राला नाही. सवाल आहे तो मालकीचा!