मेलबर्नचे तीन गोल



भिंगारच्या छावणीशेजारी वावरणाऱ्या नगरकरांना फुटबॉल अपरिचित नाही;
परंतु या खेळात भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता, हे सांगितले तर पुष्कळांना ती थापच वाटते.

साल 1956. मेलबर्न.

सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या आपल्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे नमविले,
आणि त्या चारांपैकी तीन गोल,
मूळच्या गोव्याच्या व मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी एकट्याने केले.

ऑलिंपिकमध्ये हा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई.

पुढे युगोस्लाव्हियाने हरविले, बल्गेरियानेही हरविले, पदक हुकले.

तरी पुन्हा सांगतो:
भारत चौथा आला,
आणि ऑलिंपिकच्या दप्तरी ती नोंद आजही कायम आहे.