दवंडी देणारा बाहेर, सभा आत

(रहिमतपुरात वस्तीतल्या पोरांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय.)



मी गोदीत हमाली करतो, दहावी पास आहे, कविता लिहितो. कायद्याचा पंडित नाही. पण पालिका लोकांना सभेला बोलावते, त्यांचं ऐकून घेते, असं हल्ली फार कानावर येतं. तर त्या सभेवरच बोलतो.

सभा आपल्याला नवी नाही. चावडीवर गावकी भरायची तेव्हा घरोघर सांगावा घेऊन कोण फिरायचं? महार. दवंडी कोण द्यायचं? कुठं महार, कुठं मांग. आणि सभा भरली की पायरीखाली उभा कोण? तोच. निर्णय झाला की तो परत गावभर ओरडून सांगायचा, स्वतःच्या विरुद्धचा असला तरी. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं. पण बोलावणारा एक, बसणारा दुसरा ही रीत गेली काय?

माझ्या वस्तीतलं सांगतो. कुठली पालिका, कुठला साहेब, नाव घेत नाही. संडासाची टाकी तीन आठवडे भरून वाहत होती. नोटीस लागली, नागरिकांशी संवाद, सकाळी अकरा वाजता. अकराला आम्ही गोदीत, बायका लोकांच्या घरी भांड्याला. मी खाडा करून गेलो. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी, सतरंजीवर आम्ही. तासभर हारतुरे, मग साहेबाचं भाषण, मग चहा, आणि चहाबरोबर वही फिरली. सह्या करा. माझ्या आईनं अंगठा उठवला. महिन्यानं वही बघायला मिळाली. सह्यांच्या वर लिहिलेलं, 'नागरिकांनी कामाबाबत समाधान व्यक्त केले.' माझ्या आईचा अंगठा त्या समाधानाखाली! आईला वाचता येत नाही. मला येतं ना? मीपण कोऱ्या पानावर सही ठोकून मोकळा झालो होतो. ते साहेबाचं पाप नाही, माझं आहे. अजून टोचतं साला.

आता कायदा थोडक्यात. शेजारच्या खेड्याला ग्रामसभा आहे, वर्षाला निदान चार. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी भरेल ते, एवढे आले की कोरम. तिथंही खेळ चालतो. कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही! मग दहा टाळकी बसून घरकुलाची यादी करतात. तरी तिथला माणूस उठून म्हणू शकतो, ग्रामसभा घटनेत आहे, मी बोलणार. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनं ते दिलं. शहरांसाठी ७४ वी आली. तिनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख आणि त्यावरच्या लोकवस्तीला. रहिमतपूर कुठं, तीन लाख कुठं! २००९ साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभा हा शब्द आला. मतदारांची सभा. कुणी बघितलीय, हात वर करा.

(एकही हात वर आला नाही.)

त्यात २०२२ च्या आसपास राज्यातल्या बहुतेक पालिका प्रशासकाकडं गेल्या, त्या २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत. सूचक तोच, अनुमोदक तोच, सर्वानुमते मंजूर!

पोरं म्हणतात, अरे तू वहीचं काय घेऊन बसलास, मोर्चा काढू. मोर्च्यात मी पहिला. पण महाडकडं नीट बघा. १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या पालिकेनं चवदार तळ्याचा ठराव केला. छान. तीन वर्षं ठराव वहीत, आणि पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून माणसं चालत गेली, तेव्हा कुठं ठराव ओला झाला. आणि पालिकेनं काय केलं? ऑगस्टात पुन्हा सभा भरवली आणि ठराव फिरवला. तळ्यावर गेलेल्या त्या हजारोंना त्या दिवशी मत नव्हतं. पुढं कोर्ट, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं! म्हणून विचारतो, मोर्चा घरी गेल्यावर वही कुणाच्या कपाटात राहते?

दलित वस्तीच्या नावावर सरकारचा पैसा येतो. त्यातनं कुठली गटार आधी, कुठला रस्ता मागनं, हे ठरवताना वस्ती बसलेली असते का? की ठेकेदार बसलेला असतो? यापुढं सभा पाळी सुटल्यावर, संध्याकाळी सातनंतर. पालिकेच्या हॉलात नको, आपल्या विहारात. काय ठरलं ते तिथंच लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, मग सही. वाचल्याशिवाय अंगठा नाही. नक्कल दिली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवस मुदत. दारिद्र्यरेषेखालच्याला दहा रुपयेही नाहीत. साहेब नाही आला, तर साहेब गैरहजर असं लिहा. तारखेसकट. गोदीत आमची गैरहजेरी मुकादम अशीच लिहितो.

रविवारी रात्री मला मुंबईची गाडी आहे. त्याआधी पाचला विहारात बसू. वही आणलीय, दोनशे पानी. ज्या आज्यांना लिहिता येत नाही त्या आधी बोलतील. लिहायला दोन पोरं पुढं या, अक्षर बरं असलेली. माझं वाचवत नाही कुणाला.