पिवळ्या दिव्याचें गणित

राजुऱ्याच्या परिसरांत कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने असल्यामुळें अवजड मालमोटारींची वर्दळ नित्याचीच. अशा चौकांत दिव्यांची योजना आंखणाऱ्या नवशिक्या अभियंत्यानें प्रथम पिवळ्या दिव्याचें गणित शिकावें. ताशीं 36 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेक लावल्यावर हा वेग दर सेकंदाला जितका घटतो, त्याच्या दुपटीनें त्यास भागावें. चालकास भान येण्याचा 1 सेकंद त्यांत मिळवावा. छोट्या मोटारीचा वेग सेकंदाला 3 मीटरनें घटतो असें धरल्यास सुमारें 2.7 सेकंद लागतात. भरलेल्या मालमोटारीचा 2 मीटरनें घटतो असें धरल्यास 3.5. हा पाऊण सेकंद ज्यानें वांचविला, त्यानें आडव्या रस्त्यावरील वाटसरूचा जीव पणाला लावला असें समजावें.