माथ्यावर माथा



कुमाऊँच्या सहलीला गेलेल्या मराठी माणसाला कौसानीची पहाट चुकत नाही. कानटोपी घालून, हातात चहाचा ग्लास धरून आपण गच्चीवर कुडकुडत उभे असतो. अंधारातून आधी काही टोकं गुलाबी होतात. कुणीतरी बोट दाखवून सांगतं, तो त्रिशूळ. आपण फोटो काढतो आणि नाश्त्याला काय आहे, याची चौकशी करायला खाली उतरतो. मीही तेच केलं होतं. त्या शिखरावर एक मास्तर डोकं खाली, पाय वर करून उभा राहिला होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या मास्तरांचं नाव गुरदयाल सिंग. डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये ते भूगोल शिकवायचे. डोंगरातल्या माणसांमध्ये त्यांना 'गुरू' एवढंच म्हणत. जन्म 1924चा. शंभरीला थोडे महिने उरले असताना, 2023च्या मे महिन्यात ते गेले.

मीही जन्मभर भूगोलच शिकवला. फळ्यावर समोच्चता रेषा काढायच्या, त्या जवळजवळ आल्या की चढ तीव्र, हे घोकून घ्यायचं. पण त्या रेषांवरून स्वतः चालत गेलेला शिक्षक मुलांना लाभणं ही वेगळीच गोष्ट. त्या शाळेत तर असे बरेच होते. होल्ड्सवर्थ नावाचे मास्तर 1931 साली कामेटच्या शिखरावर पोचले होते आणि तिथे त्यांनी शांतपणे पाइप ओढला होता. जॅक गिब्सन मुलांना घेऊन सुट्टीत डोंगरात जायचे. 'सुट्टीत' हा शब्द महत्त्वाचा आहे. या मंडळींचं गिर्यारोहण शाळेच्या वेळापत्रकात बसवलेलं होतं.

1951च्या जून महिन्यात गुरदयाल त्रिशूळला निघाले. उंची 7120 मीटर. आपल्या चार कळसूबाया एकावर एक रचल्या तरी पाचशे मीटर वर उरतातच. 1907 साली लाँगस्टाफ आणि 1933 साली ऑलिव्हर तिथे जाऊन आले होते, पण भारतीयांनी आखलेली मोहीम अशी तोवर नव्हतीच. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था निघायलाही अजून तीन वर्षं होती. बरोबर मित्र, वाटाड्या शेर्पा, एवढंच. रॉय ग्रीनवूड, शेर्पा दावा थोंडुप आणि गुरदयाल असे तिघे शिखरावर पोचले. स्वतंत्र भारताच्या गिर्यारोहणाची सुरुवात याच चढाईपासून मोजतात.

आणि तिथे, जिथे उभं राहून श्वास घेणंही कष्टाचं, त्यांनी शीर्षासन केलं. (पीटीच्या तासाला माझं शीर्षासन भिंतीचा आधार सुटला की संपायचं, म्हणून मला याचं जास्तच कौतुक.)

आपण मराठीत शिखर 'सर' करतो. गड सर करतो, तसंच. शब्द लढाईतला आहे. जिंकलं, झेंडा रोवला, खाली आलो. पण आपल्याकडे डोंगराच्या टोकाला 'माथा'ही म्हणतात आणि देवळात आपण माथाच टेकतो. गढवाल-कुमाऊँच्या लोकांसाठी नंदादेवी आणि तिच्या भोवतीची शिखरं ही देवस्थानंच आहेत. या सरदारजी मास्तरांनी डोंगराच्या माथ्यावर पाय ठेवला, पण लगेच पाय आकाशाकडे केले आणि माथ्यावर माथा टेकला. त्यांच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. मला मात्र त्यात नमस्कारच दिसतो.

त्याच जूनमध्ये, शेजारच्या नंदादेवीवर एक फ्रेंच मोहीम होती. त्यांचा नेता दुप्ला आणि जोडीदार विन्य मुख्य शिखराकडे गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची खूण कुठे दिसते का, हे पाहायला त्याच मोहिमेतले तेनसिंग आपल्या एका सोबत्याबरोबर नंदादेवीच्या पूर्व शिखरावर चढले. हेच तेनसिंग दोन वर्षांनी एव्हरेस्टवर उभे राहिले. एकच महिना, एकच पर्वतसमूह. डोंगर कुणाला उलटं उभं राहू देतो, कुणाला परतूच देत नाही.

गुरदयाल पुढेही जात राहिले. 1958 साली मृगथुनी, 1961 साली नंदादेवीच्या अंगणातली देविस्तान आणि मैकतोली. मग 1965ची एव्हरेस्ट मोहीम, कोहली यांच्या नेतृत्वाखालची. तेव्हा गुरदयाल एक्केचाळीस वर्षांचे. त्या वेळी चार तुकड्यांतून नऊ जण शिखरावर पोचले. देशाने ती नऊ नावं पाठ केली. दहावं कोण, अकरावं कोण, हे कुणी विचारलं नाही. गुरदयाल त्या नवात नव्हते. पुढे ते जवळजवळ साठ वर्षं जगले आणि लोक त्यांना ओळखत राहिले ते त्रिशूळच्या त्या शीर्षासनासाठी.

ऋषिगंगेच्या खोऱ्यातून जाणारी त्यांची त्रिशूळची वाट 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून गिर्यारोहकांना बंद आहे. त्यामुळे माझ्यासारख्याला कळसूबाईच बरी. गेल्या डिसेंबरात लोखंडी शिड्या चढून वर पोचलो, देवीचं दर्शन घेतलं आणि देवळामागे सपाट जागा बघून घडी केलेली शाल जमिनीवर ठेवली. डोकं टेकलं. नातवाने दोन्ही पाय धरले. दोन श्वास झाले असतील नसतील, तो खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "आजोबा, पुरे आता. सगळे बघतायत."